कमी उंचीचा सायकलस्वार आणि पाठीवरची सॅक

मान आखडणे, अंसप्रदेशी शूल, हातास मुंग्या अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या रुग्णास आपण उशी, शय्या, बैठक आणि संगणकासमोरील तास यांविषयी विचारतो. तो रुग्ण रोज सायकलने जात-येत असेल, तर त्याच्या पाठीवर काय असते हे मात्र क्वचितच विचारले जाते. उंची पाच फुटांपेक्षा बरीच कमी असेल, तर हा प्रश्न टाळून चालणार नाही, असे आम्हांस वाटते.

सुश्रुताचार्यांनी वातप्रकोपाच्या कारणांत भारहरण सांगितले आणि हत्ती, घोडा, रथ यांवरून होणारा प्रवासही सांगितला. सॅक पाठीवर घेऊन सायकल चालविणाऱ्याच्या बाबतीत ही दोन्ही कारणे एकत्र येतात. सॅकचे पट्टे ज्या भागावर टेकतात तेथेच अंस व अंसफलक ही मर्मे आहेत. पट्ट्याचा दाब म्हणजे मर्माघात नव्हे. परंतु तोच दाब नित्य, एकाच जागी आणि पुढे झुकलेल्या स्थितीत पडत राहिला, तर केवळ तैलाभ्यंगाने किती उपशम मिळणार? येथे निदानपरिवर्जन हीच पहिली चिकित्सा होय.

माप कोणते घ्यावे?

चरकसंहितेतील अष्ट निंदित पुरुषांत अतिह्रस्वाची गणना आहे. पण विस्ताराने विवेचन झाले ते अतिस्थूल व अतिकृश यांचे. बाजारातही अतिह्रस्वाच्या वाट्यास बहुधा उपेक्षाच येते. एक तर मोठ्यांची सॅक पट्टे आवळून दिली जाते, नाही तर मुलांची सॅक पुढे केली जाते. दोन्ही केवळ अंदाज.

अंदाजाऐवजी प्रमाणपरीक्षा करावी. चरकांनी शरीराची उंची ८४ अंगुळे मानली, सुश्रुतांनी १२०. आकडे भिन्न असले तरी अंगुळे ज्याची त्याचीच घ्यावयाची, हे तत्त्व समान आहे. सॅकवर छापलेले लिटर हे तिच्या पोटाचे माप आहे, वाहणाऱ्याच्या पाठीचे नव्हे. उंचीही पुरेशी खूण नाही; १४२ सेंटिमीटर उंचीच्या दोन व्यक्तींपैकी एकीचे पाय आखूड असतील, तर दुसरीची पाठ.

मान पुढे झुकविली असता ग्रीवेच्या मुळाशी जो मणका ठळकपणे हातास लागतो, तेथे टेप धरावी. दोन्ही हात कमरेच्या हाडांच्या वरच्या काठावर, अंगठे मागे करून ठेवावेत. दोन अंगठ्यांना जोडणारी रेषा कण्यास जेथे छेदते तेथपर्यंतचे अंतर म्हणजे पाठीची लांबी. अनेक कंपन्यांच्या तक्त्यांत सुमारे साडेपंधरा इंचांपर्यंतची पाठ सर्वांत लहान मापात धरली जाते. सॅकची पाठ या लांबीपेक्षा मोठी नसावी. माप जुळले तर मुलांची सॅकही चालेल. मात्र तिचे पट्टे पुरेसे रुंद व मऊ आहेत ना, हे पाहावे.

परीक्षा सायकलवर

दुकानातील आरशासमोर ताठ उभे राहून केलेली परीक्षा अपुरी असते. सॅकमध्ये खरे वजन भरावे. आपल्या औषधालयातील आसवारिष्टांच्या ४५० मिलीलिटरच्या चार बाटल्या त्यास पुरतात. नंतर हेल्मेट घालून, सायकलवर बसून, हँडल धरून पुढील गोष्टी पाहाव्यात.

समोरचा रस्ता पाहण्यासाठी मान वर केली असता हेल्मेट सॅकच्या माथ्यास अडत असेल, तर ती सॅक उंच आहे. अशी सॅक मान दुखविते आणि दृष्टीही अडविते. वळून मागची वाहने पाहता आली पाहिजेत. सॅकचा तळ सीटवर घासू नये. कंबरपट्टा कमरेच्या हाडांवर बसावा. तो खाली घसरून मांडीच्या हालचालीस अडथळा करीत असेल, तर सॅक लांब आहे. कृश व्यक्तीच्या बाबतीत पट्टा पूर्ण आवळूनही सैल राहतो काय, तेही पाहावे. छातीवरचा पट्टा वर-खाली सरकणारा असावा व तो गळ्याशी न येता अक्षकास्थींच्या थोडा खाली यावा. अरुंद खांद्यांवरून पट्टे घसरत असतील, तर छातीचा पट्टा करकचून आवळणे हा उपाय नव्हे. त्याने श्वास कोंडतो. पट्ट्यांची लोंबती टोके खोचून ठेवावीत, अन्यथा ती चाकात अडकण्याचे भय असते.

पाठीशी वारा खेळावा म्हणून काही सॅकना ताणलेली जाळी असते. आपल्या दमट हवेत ती सुखद वाटते. परंतु तीमुळे भार पाठीपासून दूर जातो आणि लहान चणीच्या व्यक्तीस तो मागे ओढतो. ओझे थोडे असेल तरच ती घ्यावी.

भार किती?

केंद्र सरकारच्या २०२० च्या शालेय दप्तर धोरणात दप्तराचे वजन विद्यार्थ्याच्या वजनाच्या १० टक्क्यांपर्यंत मर्यादित ठेवण्यास सांगितले आहे. तो नियम शाळकरी मुलांसाठी असला, तरी लहान चणीच्या सायकलस्वारासही तो सावधतेची सीमा म्हणून उपयोगी आहे. ४२ किलो वजनाच्या व्यक्तीस ही सीमा ४ किलो २०० ग्रॅम येते. रोजच्या वापरास १० ते १५ लिटरची सॅक पुरते. मोठी घेतली की ती भरली जातेच. जड वस्तू पाठीलगत व खालच्या भागात ठेवावी. याहून अधिक ओझे असल्यास ते कॅरिअरवर किंवा त्याच्या बाजूच्या पिशव्यांत जावे.

ज्या औषधालयांतून सायकलवरून औषधे घरपोच पाठविली जातात, त्यांच्या चालकांनी हे विशेष ध्यानी घ्यावे. सर्व नोकरांस एकाच मापाची सॅक देणे सोयीचे खरे. पण त्यांतील सर्वांत ठेंगण्या नोकराचा खांदा त्याची किंमत मोजतो.

वैद्यबंधू-भगिनींस विनंती इतकीच, की अशा रुग्णास पुढील भेटीस भरलेली सॅक घेऊन बोलवावे, तिचे वजन करावे व ती पाठीवर चढवून पाहावी. सॅक बदलूनही बधिरता टिकली किंवा हाताचे बळ घटू लागले, तर ग्रीवेची सविस्तर तपासणी विनाविलंब करावी. टेप, वजनकाटा आणि दहा मिनिटे एवढीच सामग्री या परीक्षेस लागते, आणि ती प्रत्येक चिकित्सालयात असते.