नराची वाट, मादीची वाट

आपल्या बोळिंजहून अर्नाळ्याचा किनारा जवळच. हिवाळ्यात तेथे कुरव पक्षी येतात. त्यांचे नर-मादी दिसायला सारखेच.

दक्षिणेच्या थंड समुद्रात अल्बट्रॉस नावाचा मोठा पक्षी आहे. पंख पसरले की दहा फूट सहज भरतात. त्याचे खाणे माकुल आणि मासे. पण नर-मादी चरायला एका वाटेने जात नाहीत! नर जड. तो बर्फाच्या बाजूला, जोराच्या वाऱ्यात हिंडतो. मादी हलकी, ती उत्तरेला, उबदार पाण्याकडे वळते. हिंदी महासागरातील क्रोझे बेटांवर १९८९ पासून पक्ष्यांच्या पाठीवर लहान यंत्रे लावली, तेव्हा या वाटा नीट कळल्या.

उबदार पाण्यात कुपा धरणारी जहाजे असतात. कित्येक मैल लांब दोर, त्याला शेकडो गळ. मादी आमिषावर झेप घेते, गळाला अडकते आणि दोराबरोबर बुडते. म्हणून नरांपेक्षा माद्या जास्त मेल्या. जोडीला दोन वर्षांत अंडे एकच. पिल्लाला दोघांनी भरवावे लागते. आई गेली की ते उपाशी मरते. १९७० नंतर क्रोझेवर हे पक्षी फार घटले.

उपाय मात्र साधे आहेत. दोर रात्री सोडावा, गळाला वजन बांधावे, जहाजामागे रंगीत फिती फडफडत ठेवाव्यात. पक्षी बिचकतो, दूर राहतो. आमिषही वाचते, हे कोळीदादांना सांगायला नको.