होडीची किंमत सांध्यात

नाखुदा मोहल्ल्याचे नाव मुंबईत सर्वांना ठाऊक आहे. पण नाखुदा म्हणजे जहाजाचा धनी, हे किती जणांच्या ध्यानात असते? कोकणी मुसलमानांच्या कित्येक घराण्यांची रोजी एकेकाळी दर्यावर होती. हल्ली वरळीपासून ससून डॉकपर्यंत फायबरच्या होड्या दिसतात आणि लाकडी होडीच्या मिस्त्रीला नव्या बांधणीपेक्षा दुरुस्तीचेच काम अधिक. अशा वेळी वल्ह्याच्या होडीच्या तीन जुन्या बांधणी धंद्याच्या नजरेने ताडून पाहाव्यात, असे आम्हांस वाटते. तिघींतला खरा फरक सांध्याचा आहे.

पहिली, एका खोडाची. आंब्यासारखे जाड खोड आतून कोरून ती करतात. सांधाच नसल्याने गळती नाही. पण रुंदी खोडाएवढीच, म्हणून ती लवकर कलंडते. यावर उपाय म्हणून रत्नागिरी-मालवणकडे तिच्या बाजूला आडव्या दांड्यांनी एक तरंगते लाकूड बांधतात, ती उलांडी. अशी होडी उभी चिरली तर दुरुस्ती अवघड, आणि तसे खोड आता सहज मिळत नाही.

दुसरी, शिवलेली. फळ्यांच्या कडांना भोके पाडून त्या काथ्याच्या दोरीने शिवतात. चौदाव्या शतकातील प्रवासी इब्न बतूता याने लिहून ठेवले आहे की, खडकावर आपटल्यास खिळ्यांचे जहाज फुटते, शिवलेले मात्र लवचिकपणामुळे तगते. मात्र शिवण वेळोवेळी बदलावी लागते. तो खर्च कायमचा.

तिसरी, खिळ्यांची. युरोपात आधी बरगड्या उभ्या करून त्यांवर फळ्या ठोकत. आपल्या जुन्या रीतीत आधी फळ्या जोडून मग त्यांच्या बाकाप्रमाणे बरगड्या तासत. मुंबईच्या मोठ्या जहाजबांधणीत एका फळीची कड दुसरीच्या खाचेत बसवून मध्ये कापूस व राळ भरत. १७३६ साली सुरतेहून आलेल्या लवजी नसरवानजी वाडियांच्या घराण्याने याच शहरात सागवानी जहाजे बांधली. त्यांपैकी १८१७ चे ‘ट्रिंकोमली’ इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे आजही पाण्यावर आहे. सागाच्या अंगच्या तेलामुळे लोखंडी खिळाही लवकर गंजत नाही.

फायबरची होडी हलकी आणि तिला सांध्याची डागडुजी नाही. पण तिचा आकार साच्यात असतो आणि साचा मालकाचा असतो. लाकडी होडीचा आकार मिस्त्रीच्या नजरेत असतो. एक फळी कुजली तर तेवढीच काढून नवी बसवता येते. म्हणून अंदाजपत्रक देताना नुसता फुटाचा भाव सांगू नये. लाकूड कोणते, सांधा कसला, खिळे कोणते, दरवर्षीची डागडुजी कोण करणार, हे सारे लिहून द्यावे. गिऱ्हाइकाला महाग वाटणारी होडी मग महाग वाटणार नाही.

नौदलाने २१ मे २०२५ रोजी कारवार येथे ‘कौंडिण्य’ हे शिवलेले जहाज दाखल करून घेतले. जुना आराखडा उपलब्ध नव्हता; आकार अजिंठ्याच्या चित्रावरून घ्यावा लागला. शिवणीचा हुन्नर मात्र केरळच्या बाबू शंकरन व त्यांच्या कारागिरांच्या हातात जिवंत होता, म्हणून काम तडीस गेले. डिसेंबर २०२५ मध्ये ते पोरबंदरहून मस्कतला निघाले.

ज्या घरांत वाकस आणि पटाशी अजून आहेत, त्यांनी वडिलांच्या तोंडची मापे वेळीच वहीत उतरवून घ्यावीत, एवढेच आमचे सांगणे आहे. हात थांबला की चित्रावरून आकार मिळेल, सांधा मिळणार नाही.