दूरच्या हातातील किल्ली

ग्रामपंचायतीच्या किंवा विविध कार्यकारी सोसायटीच्या कचेरीतील संगणक अडून बसला, तर शहरातील तंत्रज्ञास गावी यावे लागतेच असे आता नाही. ॲनीडेस्कसारख्या सॉफ्टवेअरच्या साहाय्याने तो आपल्या जागी बसून येथील संगणक चालवू शकतो. सोय मोठी खरी. परंतु घराची एक किल्ली परक्या हाती देण्यासारखीच ती आहे.

हे सॉफ्टवेअर बनविणारी कंपनी जर्मनीतील श्टुटगार्ट येथील. आपल्या यंत्रणेत कोणी शिरल्याचे तपासणीत आढळले, असे तिने २ फेब्रुवारी २०२४ रोजी जाहीर केले. ग्राहकांच्या संगणकांना बाधा झाल्याचा पुरावा नव्हता. तरीही कंपनीने सुरक्षेची प्रमाणपत्रे रद्द केली, आपल्या संकेतस्थळावरील खात्यांचे सर्व पासवर्ड बाद ठरविले आणि नव्या प्रमाणपत्राची आवृत्ती घेण्यास सांगितले. हे योग्यच झाले. बियाण्याच्या पिशवीवरील शिक्काच चोराच्या हाती गेल्याचा संशय आला, तर जुन्या शिक्क्याची पिशवी कोण घेईल?

कचेरीवर असा प्रसंग आल्यास संगणकाचे इंटरनेट प्रथम तोडावे. कोणत्या दिवशी, कोणत्या क्रमांकावरून जोडणी झाली याची नोंद उतरून घ्यावी व मगच जुनी प्रत काढावी. घाईत हा पुरावा नष्ट होतो. पासवर्ड दुसऱ्या, निर्धोक यंत्रावरून बदलावा. संशयित यंत्रावर टंकलेला नवा पासवर्ड चोरास आयताच मिळतो. तोच पासवर्ड बँकेसाठी वा ईमेलसाठी वापरला असल्यास तेथेही बदलावा. नेमके हेच बहुधा राहून जाते. जाणकाराने तपासल्याखेरीज संगणक पुन्हा जोडू नये. नवी प्रत निर्मात्याच्या संकेतस्थळावरूनच घ्यावी आणि समोर कोणी नसताना संगणक उघडण्याची मुभा बंद ठेवावी.

शेतकऱ्याच्या मोबाईलची गोष्ट निराळी आहे. ॲनीडेस्कच्या आडून होणाऱ्या फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना सावध केले होते. अनोळखी मनुष्य मदतीच्या मिषाने हे ॲप घ्यावयास लावतो, पडद्यावरील क्रमांक विचारतो, मागितलेली परवानगी द्यावयास सांगतो आणि मोबाईल त्याच्या नजरेखाली जातो. येथे कुलूप फोडलेले नसते; मालकाने स्वतःच किल्ली दिलेली असते. असे घडल्यास मोबाईलचे इंटरनेट लगेच बंद करावे. दुसऱ्या फोनवरून बँकेस कळवून खात्याचे व्यवहार थांबवावेत आणि पैसे गेले असल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवावी. तालुक्याच्या गावी जाण्याची वाट पाहू नये.