ओल आणि ठिणगी: काळ्या दारूच्या साठवणीबद्दलचे गैरसमज

सिंहगडावर पुणे दरवाज्यातून वर आलो की उजव्या हाताला एक जाड भिंतींची दगडी इमारत लागते. गड पाहायला येणारे बहुतेक जण तिच्यासमोर क्षणभर थांबतात, ‘दारूकोठार’ ही पाटी वाचतात आणि पुढे जातात. 11 सप्टेंबर 1751 रोजी सिंहगडाच्या दारूकोठारावर वीज पडली. त्या स्फोटात गडावरच्या फडणिसांचे घर उद्ध्वस्त झाले आणि घरातली माणसे दगावली. भिंती जाड होत्या, गड बेलाग होता, वेढा घालून बसलेला शत्रूही नव्हता. तरीही हे घडले.

काळ्या दारूबद्दलचा सर्वांत जुना गैरसमज हाच आहे, की कोठार जितके भक्कम तितका साठा सुरक्षित.

सोरा, गंधक आणि कोळसा यांचे हे मिश्रण जळायला बाहेरची हवा घेत नाही. लागणारा प्राणवायू सोऱ्यातूनच मिळतो. म्हणून हवाबंद डब्यातही ती तितक्याच जोमाने पेटते. चिमूटभर दारू उघड्यावर पेटली तर भपकन ज्वाळ उठते, पांढऱ्या धुराचा लोट येतो आणि संपते. तीच दारू घट्ट कोंडली की निर्माण होणाऱ्या वायूंना वाट मिळत नाही, दाब चढतो, दाबाबरोबर जळण्याचा वेग वाढतो आणि शेवटी कोंडणारी वस्तूच फुटते. लोखंडी तिजोरी किंवा जाड पत्र्याची पेटी बाहेरच्या माणसाला सुरक्षित वाटते, पण आत आग पोचली तर तिच्याच ठिकऱ्या होऊन उडतात. म्हणून थोड्या साठ्यासाठी जाड लाकडाची पेटी चांगली मानली जाते. लाकूड उष्णता सावकाश आत जाऊ देते, आणि दाब चढलाच तर पेटीचे सांधे लवकर सुटतात. साठा मोठा असेल तर मात्र कोंडायला वेगळ्या पेटीची गरजच उरत नाही. ढिगाचा भारच आतल्या दारूला कोंडतो. ‘उघड्यावर नुसती भुर्र होते’ हा अनुभव चिमटीचा आहे. तो पोत्याला लावू नये.

मग ओल नको म्हणून काय करायचे? सगळा घोटाळा इथेच सुरू होतो. दारूला दोन शत्रू आहेत, ओल आणि आग, आणि एकावरचा उपाय बहुतेक वेळा दुसऱ्याला आमंत्रण देतो. दारू सुकवायची तर ऊब हवी, वारा हवा, वरचेवर उघडून पाहायला हवे. आगीपासून राखायची तर तिला कोणी हात न लावणे उत्तम. साठवणीची सारी विद्या या ओढाताणीतून जन्मली आहे, आणि मला वाटते, ती ज्याला कळली त्याला बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत.

मराठी वाचकाने यासाठी रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र काढून पाहावे. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातल्या या ग्रंथात गडावरच्या दारूखान्याची सविस्तर तजवीज सांगितली आहे. दारूखाना सदरेजवळ नको, घरांपासून दूर हवा. त्यात तळघर करावे, तळ गच्च करावा, आणि दारू जमिनीवर न ठेवता माच घालून त्यावर ठेवावी. तिला सर्दी लागू देऊ नये. दर आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन दारू, बाण, हुक्के (दारूचे हातगोळे) बाहेर काढून त्यांना ऊन द्यावे आणि पुन्हा मोहर करून ठेवावे. रात्रंदिवस पहारा असावा, परवानगीवाचून जवळपास माणूस फिरकू देऊ नये. यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट आजच्या शास्त्रातही बसते. माचीमुळे जमिनीची ओल वर चढत नाही, अंतरामुळे एका आगीतून दुसरी पेटत नाही. आणि जो धोक्याचा क्षण आहे, म्हणजे कोठार उघडण्याचा, तो जबाबदार अधिकाऱ्याच्या डोळ्यांदेखत घडावा अशी व्यवस्था आहे.

तो क्षण किती धोक्याचा असतो हे हॉलंडमधल्या डेल्फ्ट शहराने 12 ऑक्टोबर 1654 रोजी अनुभवले. एका जुन्या मठात सुमारे 30 टन दारू साठवलेली होती. कोठाराचा रखवालदार दारूचा नमुना पाहायला आत गेला आणि त्यानंतर काही वेळातच स्फोट झाला असे सांगतात. शहराचा मोठा भाग जमीनदोस्त झाला, शंभराहून अधिक माणसे मेली. त्यात रेम्ब्रांटचा शिष्य, चित्रकार कारेल फाब्रित्सिउस होता. वय अवघे बत्तीस.

आज्ञापत्रातला उन्हाचा उपाय मात्र जसाच्या तसा उचलू नये. पुष्कळांना वाटते, ओली दारू उन्हात किंवा चुलीवरच्या माळ्यावर ठेवली की पूर्ववत होते. ऊन दारू पेटवत नाही हे खरे. तिला पेटायला सुमारे 300 अंश सेल्सियस उष्णता लागते आणि उन्हात तापलेला पत्रा त्याच्या आसपासही जात नाही. धोका पसरण्यात, हाताळण्यात आणि उडणाऱ्या बारीक भुकटीत आहे. विडीची ठिणगी, लोखंडी नालाची ठोकर, शेजारची शेगडी, एवढे पुरते. चुलीवरच्या माळ्याबद्दल तर बोलायलाच नको.

शिवाय वाळवल्याने ओल जाते, दारू सुधारते असे नाही. सोरा पाण्यात सहज विरघळतो, गंधक आणि कोळसा विरघळत नाहीत. कारखान्यात हे तिन्ही पदार्थ तासन् तास एकत्र दळून एकजीव केलेले असतात. पाणी लागले की सोरा कणांतून बाहेर पडतो आणि वाळताना स्फटिक होऊन वेगळाच बसतो. दाण्यांवर पांढरी बुरशी आल्यासारखी दिसली तर समजावे की मिश्रण फुटले. अशी दारू कधी विझल्यासारखी जळते, तर कधी पेटतच नाही. बंदूक किंवा उखळी वापरणाऱ्यासाठी हा बेभरवसा धोक्याचाच. बार उशिरा उडतो आणि तोवर माणूस तोंडाशी वाकलेला असतो.

‘पावसाळ्यात दारू सर्दाळतेच, इलाज नाही,’ हेही अर्धेच खरे. शुद्ध सोरा हवेतली ओल फार कमी खेचतो. हवेची सापेक्ष आर्द्रता 90 टक्क्यांच्या वर जाईपर्यंत तो साधारण कोरडाच राहतो. खरे दोषी असतात त्यातले भेसळ क्षार. साधे मीठ 75 टक्क्यांच्या आसपासच पाझरू लागते आणि कॅल्शियमचे क्षार त्याहून कितीतरी आधी. म्हणून जुन्या काळी सोरा पुन्हा पुन्हा उकळून, स्फटिक करून शुद्ध केला जाई. बिहारमधून पाटण्याच्या बाजारात येणाऱ्या सोऱ्यावर डच आणि इंग्रज कंपन्यांचा डोळा होता, तरी तोही आणखी शुद्ध करावा लागे. याच कारणाने 1857 मध्ये अमेरिकेत लामो ड्यु पाँ यांनी सोऱ्याऐवजी, म्हणजे पोटॅशियम नायट्रेटऐवजी, स्वस्त पण ओल खेचणारे सोडियम नायट्रेट वापरून सुरुंगाची दारू काढली, तेव्हा ओलीशी झगडायला दाण्यांवर ग्रॅफाइटचा मुलामा द्यावा लागला. कोकणातल्या पावसाळी रात्री मात्र आर्द्रता 90 च्या वर सहज जाते, आणि तिथे शुद्धतेच्या जोडीला घट्ट झाकणही लागते.

खिडक्या-दारे उघडी टाकून वारा खेळवला की कोठार कोरडे राहते, असाही समज आहे. आषाढात नेमके उलटे होते. बाहेरची उबदार, ओलसर हवा आत येऊन थंड दगडाला लागली की भिंतींवर पाणी सुटते. ब्रिटिशांच्या जुन्या कोठारांत झरोके फक्त कोरड्या हवेच्या दिवशी उघडण्याचा शिरस्ता होता. झरोकेही सरळ नसत. आतून वळणे दिलेली असत, म्हणजे वारा येईल पण ठिणगी येणार नाही. त्याच न्यायाने फ्रीजमध्ये किंवा वातानुकूलित खोलीत ठेवलेला डबा दमट हवेत लगेच उघडणे चूक आहे. थंड दाण्यांवर दव धरते. डबा बंदच ठेवून आधी बाहेरच्या उष्णतेला येऊ द्यावा.

अवजारांबद्दल लोकांना बऱ्यापैकी माहिती असते. लोखंडाऐवजी तांबे, पितळ, लाकूड, पायात खिळे नसलेले मऊ जोडे. जहाजांवर आणि किल्ल्यांत दिवासुद्धा कोठारात नेत नसत, शेजारच्या खोलीत काचेआड ठेवत. स्थिर विजेची मात्र लोक गरजेपेक्षा जास्त धास्ती घेतात. काळी दारू तिला इतर बऱ्याच स्फोटकांइतकी हळवी नाही. आकाशातली वीज वेगळी. सिंहगडाचा अपघात झाला तेव्हा वीजवाहकाची कल्पना नुकतीच मांडली जात होती. 1769 मध्ये इटलीतल्या ब्रेशिया शहरात वीज पडून दारूसाठ्याने शहराचा मोठा भाग उडवला. 1772 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या समितीने, तिच्यात शास्त्रज्ञ फ्रँकलिन आणि कॅव्हेंडिश होते, इंग्लंडमधल्या परफ्लीटच्या दारूकोठारांवर वीजवाहक बसवण्याची शिफारस केली.

एक गैरसमज सर्वांत जीवघेणा आहे: फटाक्यांत, सुरुंगात, बंदुकीत घालायची दारू सगळी एकच, म्हणून एकत्र ठेवली तरी चालते. फटाक्यांच्या काही मिश्रणांतले क्लोरेट आणि गंधक एकत्र आले तर नुसत्या घासण्यानेही पेट घेऊ शकतात. भारत सरकारने 1992 मध्ये अशा मिश्रणावर बंदी घातली ती उगीच नाही. चकाकणाऱ्या फटाक्यांच्या मिश्रणात ॲल्युमिनियमची भुकटी असते. तिच्यात ओल गेली तर ते मिश्रण आपोआप तापत जाऊ शकते. काळ्या दारूत ओल म्हणजे नुकसान, या मिश्रणात ओल म्हणजेच आग. दोन्ही एका कपाटात ठेवणाऱ्याला हा फरक ठाऊक नसतो. कायद्याने गनपावडर हा स्फोटकांचा स्वतंत्र, पहिला वर्ग आहे आणि फटाके सातवा. साठवणीचे परवाने 1884 चा स्फोटक कायदा आणि 2008 चे स्फोटक नियम यांखाली येतात. ते पाहणाऱ्या केंद्रीय संस्थेचे, ‘पेसो’चे, मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे. शंका असेल तर तिथे विचारावे, शेजारच्या दुकानदाराला नको.

आता जुन्या दारूविषयी. काळानुसार तिची ताकद जाते आणि शंभर वर्षांनी ती माती होते, असे गड फिरणारी मंडळीही म्हणतात. ही समजूत बहुधा आधुनिक धूरविरहित दारूवरून आली असावी. तिच्यातले नायट्रोसेल्युलोज खरोखरच हळूहळू स्वतःहून विघटित होते. काळ्या दारूतले तिन्ही पदार्थ तसे बदलत नाहीत. कोरडी राहिली तर ती शतके टिकते. जानेवारी 2013 मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधली अठराव्या शतकातली एक तोफ साफ करायला घेतली, तेव्हा तिच्यात सुमारे 800 ग्रॅम दारू आणि गोळा भरलेला निघाला. पोलिसांच्या मते ती तेव्हाही उडू शकली असती. 2008 मध्ये व्हर्जिनियात अमेरिकी यादवी युद्धातला नौदलाचा गोळा साफ करताना एका संग्राहकाचा जीव गेला. ते गोळे पाण्यावरून डागायचे म्हणून मुळातच पाणी शिरू नये असे बनवलेले होते. जवळजवळ दीडशे वर्षे उलटली तरी आतली दारू कोरडी होती.

आपल्याकडे गडाच्या टाक्यातला गाळ काढताना किंवा तटाची झाडी तोडताना तोफगोळे सापडतात. भरीव लोखंडी आणि दगडी गोळे निरुपद्रवी असतात, पण पोकळ गोळाही गंजला की बाहेरून तसाच दिसतो. त्याला भोक पाडू नये, तापवू नये, घासून साफ करू नये, पिशवीत घालून खाली आणू नये. टाक्यात बुडालेला होता म्हणून निर्धोक असेही मानू नये. ओली दारू ओली असेपर्यंतच गप्प असते. गोळा होता तिथेच ठेवून माणसांना लांब करावे आणि 112 वर कळवावे. पुढचे काम पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकाचे आणि पुरातत्त्व खात्याचे आहे.