काउंटरच्या कॉम्प्युटरवरचं फोल्डर लॅपटॉपवर उघडत नाही? या क्रमाने तपासा



माझं दुकान खाली आणि घर वर. कोटेशनचं फोल्डर काउंटरच्या कॉम्प्युटरवर असतं आणि रात्री मी ते घरच्या लॅपटॉपवर उघडतो. एकदा नवीन राऊटर बसवला आणि त्याच रात्री फोल्डर उघडेना. गिऱ्हाइकाला आठ वाजेपर्यंत कोटेशन हवं होतं. घाईत मी फायरवॉल बंद केली, दिसेल ते सेटिंग बदललं. दोन तास गेले, ऑर्डरही गेली. चूक एकाच सेटिंगची होती.

म्हणून एका वेळी एकच गोष्ट तपासायची.

१. काउंटरचा कॉम्प्युटर स्लीपमध्ये तर गेला नाही ना? दोन्ही मशीन एकाच वायफायवर आहेत का? गिऱ्हाइकांसाठीच्या गेस्ट वायफायवरून आतलं फोल्डर सहसा उघडत नाही.

२. काउंटरवर कमांड प्रॉम्प्टमध्ये 'आयपीकॉन्फिग' द्या. आयपीव्ही४ अ‍ॅड्रेस लिहून घ्या, समजा १९२.१६८.१.१० आला. लॅपटॉपवर विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबून \\ आणि पुढे तो अ‍ॅड्रेस टाका. उघडलं? मग शेअरिंग ठीक आहे, फक्त नाव सापडत नाहीये. राऊटरमध्ये तो अ‍ॅड्रेस त्या मशीनसाठी कायमचा राखून ठेवा आणि शॉर्टकट करा.

३. नाही उघडलं, तर काउंटरच्या सेटिंग्जमध्ये नेटवर्क पब्लिक आहे की प्रायव्हेट ते बघा. माझं घोडं इथेच अडलं होतं. नवा राऊटर म्हणजे विंडोजसाठी नवं नेटवर्क, आणि अनोळखी नेटवर्कला ते पब्लिक धरतं. प्रायव्हेट करा आणि फाइल अँड प्रिंटर शेअरिंग चालू करा.

४. पासवर्ड मागतोय? तिथे पिन चालत नाही. काउंटरच्या कॉम्प्युटरवरच्या अकाउंटचं नाव आणि पासवर्ड लागतो. पासवर्डच ठेवला नसेल तर विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही. शेअरिंगसाठी वेगळा युजर बनवा आणि फक्त लागतं तेच फोल्डर त्याला द्या.

फायरवॉल बंद ठेवून किंवा फोल्डर 'एव्हरीवन'ला देऊन काम भागवू नका. आपला खरेदीचा भाव सगळ्यांसमोर उघडा टाकाल का? हेही तसंच.

आज शटर ओढल्यावर दहा मिनिटं काढा आणि अ‍ॅड्रेस, युजरचं नाव वहीत लिहून ठेवा. गिऱ्हाईक समोर उभं असताना हे शोधत बसायची वेळ येऊ देऊ नका.