नेवाशाचा मोहिनीराज: देव की देवी?

नेवाशाच्या मोहिनीराज मंदिराची माहिती फिरते तेव्हा सुरुवात हमखास १७७३ पासून होते: होळकरांचे दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी ते बांधलं. बांधकामापुरतं हे ठीक, पण त्यावरून देवतेचं वय ठरत नाही. १२९० मध्ये याच गावी ज्ञानेश्वरी पूर्ण झाली आणि तिच्या शेवटी ज्ञानदेव या क्षेत्राचं दैवत म्हणून ‘महालया’ हे नाव घेतात. दगडी मंदिराच्या पावणेपाचशेहून जास्त वर्षं आधी!

माझ्या मते ही मुळात देवीच. विष्णूने मोहिनी होऊन अमृत इथेच वाढलं आणि राहूचं शिर उडवलं, अशी कथा. शिर राहुरीला पडलं म्हणतात. राहुरीचं नाव मात्र मी पुरावा धरत नाही, गावाच्या नावावरून गोष्ट रचणं फार सोपं. त्यापेक्षा म्हाळसेचा धागा पक्का: खंडोबाची ही पत्नी नेवाशाच्या तिम्मशेट वाण्याची लेक आणि मोहिनीचाच अवतार मानली जाते. महालया-म्हाळसा हे नुसतं उच्चारसाम्य असेल, हा आक्षेप रास्त आहे. पण गोव्यात म्हार्दोळची महालसा नारायणीही मोहिनीच, आणि तिच्या हातात कापलेलं शिर आहे. शेकडो किलोमीटरवर नाव आणि कथा जोडीनेच भेटतात, तेव्हा योगायोग म्हणणं जड जातं. मग ‘राज’ हे पुल्लिंगी नाव कसं? मूर्तीच अर्धनारी रूपातली आहे, नावातही दोन्ही उतरलं. नेवाशाला गेलात तर ज्ञानेश्वरीशी जोडलेला पैसाचा खांब तेवढा पाहून परत फिरू नका.