लोकमताचा मक्ता : लेखांक सहावा

इंदूर शहराच्या गल्ल्या पायी तुडवून, तेथील घरे, गटारे, नद्यांचे काठ आणि माणसांची राहणी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यावाचून नगररचनेची एक रेघही कागदावर ओढावयाची नाही, असा ज्यांचा कटाक्ष होता त्या पॅट्रिक गेडिस यांनी होळकर दरबारास सादर केलेला दोन खंडांचा अहवाल 1918 साली प्रसिद्ध झाला. आज याच शहरात नागरिकांचे मत अजमावणे हा नगरकारभाराचा नित्याचा भाग झाला असून ते काम निविदा काढून मक्त्याने दिले जाते; तेव्हा तो मक्ता कोणत्या अटींवर द्यावा, याचा विचार इंदूरकरांइतक्या आस्थेने दुसऱ्या कोणी करावा?

स्वच्छ सर्वेक्षणात 2017 साली 434 शहरांमधून इंदूर पहिले आले, तेव्हा एकूण 2000 गुणांपैकी 600 गुण नागरिकांच्या अभिप्रायाचे होते. पुढील वर्षी 4000 पैकी 1400 गुण या अभिप्रायासाठी राखलेले होते. घरोघरचा ओला आणि सुका कचरा वेगळा उचलण्याच्या ज्या परिश्रमांतून हे यश आले, त्यांविषयी मला नितांत आदर आहे. परंतु आपले शहर या सर्वेक्षणात सहभागी आहे हे आपणास ठाऊक आहे काय, असाही एक प्रश्न त्या प्रश्नावलीत होता, आणि त्याच्या उत्तराने जाहिरात किती पोहोचली एवढेच कळते, रस्ता झाडला गेला की नाही हे कळत नाही.

प्रश्नांइतकाच दोष निविदेच्या मसुद्यातही असतो. बयाणा रक्कम, उलाढालीचा दाखला, मुदत, विलंबाचा दंड यांवर पानेच्या पाने खर्ची पडतात आणि प्रत्यक्ष पाहणीविषयी मात्र ‘अमुक हजार अर्ज भरून देणे’ एवढीच ओळ असते. दर अर्जामागे ठरतो, सर्वांत कमी दराची निविदा मंजूर होते, आणि त्या दराचे फळ पुढे घराच्या उंबरठ्यावर दिसते. नंदानगरातील एखाद्या दारावर सकाळी अकराच्या सुमारास थाप मारली, तर आजी दार उघडते. मुलगा दुकानावर, सून नोकरीवर गेलेली असते. निवड सुनेची झालेली असेल, तर नियमाने अन्वेषकाने सायंकाळी पुन्हा यावयास हवे. पण भरलेल्या अर्जाचेच पैसे मिळणाऱ्या त्या गरीब पोराला ही दुसरी खेप कोणी भरून देत नाही, म्हणून तो आजींचे उत्तर लिहून घेतो किंवा शेजारच्या दाराकडे वळतो. अशाने दिवसभर घराबाहेर राबणारे अर्धे शहर पाहणीतून गळते. यात त्या पोराला मी दोष देणार नाही, कारण निविदेनेच त्याला तसे वागावयास लावले आहे.

अर्ज जितके अधिक तितके मत खरे, ही दप्तरातील समजूत फार जुनी आहे. अमेरिकेतील ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने 1936 च्या अध्यक्षीय निवडणुकीपूर्वी सुमारे 1 कोटी मतपत्रिका धाडल्या, 20 लाखांहून अधिक परत आल्या, आणि तरीही रूझवेल्ट हरतील हे त्याचे भाकीत साफ चुकले. उलट यदृच्छ पद्धतीने नीट निवडलेल्या 400 माणसांच्या उत्तरांवरून टक्केवारी साधारणपणे 5 अंकांच्या फरकाने सांगता येते, 1000 माणसांवरून 3 अंकांच्या. मग शहर 2 लाखांचे असो की 20 लाखांचे. मात्र इंदूरच्या 85 प्रभागांपैकी प्रत्येकाचा निराळा आकडा त्याच अचूकतेने हवा असेल, तर 34,000 माणसे गाठावी लागतील. म्हणून आकडा शहराचा हवा की प्रभागाचा, हा निर्णय निविदेपूर्वी व्हावयास हवा. तो न घेताच जी संख्या मसुद्यात घातली जाते, तिला काहीही आधार नसतो.

माझ्या मते देयक भरलेल्या अर्जांवर न देता निवडलेल्या घरांवर द्यावे: निरनिराळ्या वेळी किमान तीन खेपा, घर बदलण्यास मनाई, आणि जे भेटले नाहीत त्यांचीही नोंद. संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांनी नमुन्याचे दोन भाग करून ते दोन स्वतंत्र पथकांकडे सोपविण्याची जी पद्धत बंगालमधील पाहण्यांत रूढ केली, तिने क्षेत्रकामातील ढिलाई दोन तक्त्यांच्या तफावतीतून आपोआप उघड होते. तसे एक कलम आपल्या करारनाम्यात घालण्यास कोणती अडचण आहे? केवळ दरच पाहिला पाहिजे, अशी सक्तीही नाही. 2017 च्या सामान्य वित्तीय नियमांत सल्लागार सेवांसाठी गुणवत्ता आणि खर्च यांना मिळून गुण देण्याची सोय आहे. आणि ज्या खात्याच्या कामाविषयी लोकांना विचारावयाचे, त्याच खात्याने मक्तेदार निवडू नये, रुजुवातही त्रयस्थाकडून करवावी, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते.

पुढील आठवड्यात आपण प्रश्नावलीच्या भाषेकडे, विशेषतः ग्रांथिक हिंदीतील प्रश्न माळवी बोलणाऱ्या घरात कसा पोहोचतो याकडे, वळणार आहोत. तत्पूर्वी वाचकांनी आपल्या गावच्या एखाद्या पाहणीच्या निविदेची प्रत माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करून मागवावी, आणि हाती येताच प्रथम देयकाचे कलम वाचावे.